रद्दीत गेलेला सोर्स कोड

सरळ मुद्द्यावर येतो. जुनं संगीत जपायचं म्हणून पुण्यात, नागपुरात आणि आता आमच्या अमरावती-अकोल्यातही जे कार्यक्रम होतात ना, 'सुवर्णयुगाच्या सुरेल आठवणी' टाइपचे, ते उद्यापासून बंद झाले तरी जुन्या संगीताचं काडीचंही नुकसान होणार नाही. झाला तर फायदाच होईल.

चिडू नका, आधी ऐकून घ्या. असा कार्यक्रम तुम्हीही पाहिला असेलच. एसी हॉल, स्टेजवर झेंडूच्या माळा, निवेदिकेच्या तोंडी दर दहा मिनिटांनी "तो काळच वेगळा होता". हौशी गायक सूट घालून येतात, मोबाईलमध्ये बघून गाणं म्हणतात, आणि साथीला? साथीला लॅपटॉप. मूळ गाण्यात जिथे व्हायोलिनचा अख्खा ताफा वाजतो, ट्रम्पेट मधेच येऊन टपली मारून जातो, तिथे इथे कराओके ट्रॅक. म्युझिक पीस चालू असताना गायक नुसता माइक धरून उभा, आणि लोक तेवढ्यात शेजारच्याशी बोलून घेतात, कारण स्टेजवर बघण्यासारखं काहीच नसतं. शेवटी "जुनं ते सोनं", टाळ्या, आणि पार्किंगकडे पळापळ.

ह्याला पुनरुज्जीवन म्हणायचं असेल तर आजोबांच्या फोटोला हार घालण्यालाही आजोबांचं पुनरुज्जीवन म्हणावं लागेल.

'ऑर्केस्ट्रा' हा शब्दच बघा आपल्याकडे कसा घसरत गेलाय. मुळात अर्थ साधा आहे: बरेच वादक एकत्र बसतात, प्रत्येकासमोर आपापला कागद असतो, आणि सगळे मिळून एक गोष्ट वाजवतात. आपल्याकडे गणपतीत "मैदानावर ऑर्केस्ट्रा आहे" म्हटलं की अर्थ झाला फिल्मी गाणी म्हणणारा ग्रुप. तेही ठीक होतं, निदान त्यात अकॉर्डियन, सॅक्सोफोन, बोंगो वाजवणारी हाडामांसाची माणसं असायची. मग दोन कीबोर्ड आणि एक ऑक्टोपॅड उरला. मग नुसता पेन ड्राइव्ह. मुंबईत तर 'ऑर्केस्ट्रा बार' अशी पाटी असते, आणि तिथे ऑर्केस्ट्रा ऐकायला कोण जातं हे मी सांगायची गरज नाही :)

असो. मला जे म्हणायचंय ते आपल्या भाषेत सांगतो (म्हणजे हिंजवडीच्या). रेकॉर्डिंग म्हणजे कंपाइल केलेली बायनरी. चालते झकास, पण आत काय आहे ते उघडून बघता येत नाही, बदलता येत नाही, दुसऱ्या मशीनवर नव्याने बिल्ड करता येत नाही. प्रत्येक वाद्यासाठी लिहिलेला कागद, ज्याला वादक 'पार्ट' म्हणतात, तो सोर्स कोड. तो हातात असेल तर शंभर वर्षांनी, दुसऱ्या गावात, दुसरी माणसं तेच संगीत पुन्हा उभं करू शकतात. आपण बायनऱ्या जिवापाड जपल्या, हार्ड डिस्कच्या हार्ड डिस्क भरल्या, आणि सोर्स गेला रद्दीत. वर आता बायनरी वाजवून रडतोय की तो काळ परत येत नाही. कसा येईल?

हे नुसतं तर्काने म्हणत नाहीये. एक अख्खं संगीत मेलं आणि कागदावरून परत आलं, त्याचं उदाहरण आहे. रॅगटाइम. साधारण १८९५ ते १९१७ च्या दरम्यानचं, अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी घडवलेलं नाचाचं संगीत. पियानोवर डाव्या हाताचा ठोका घड्याळासारखा सरळ, आणि उजव्या हाताची चाल त्या ठोक्याला सतत हुलकावणी देणारी. स्कॉट जॉप्लिन हा त्यातला सगळ्यात मोठा माणूस. त्याचा 'मेपल लीफ रॅग' १८९९ चा आणि 'द एंटरटेनर' १९०२ चा. दुसरा तुम्ही नक्की ऐकलाय, नाव माहीत नसेल इतकंच. कुठल्यातरी खेळण्यात नाहीतर कुणाच्यातरी रिंगटोनमध्ये.

१९१७ मध्ये जॉप्लिन गेला. तोवर जॅझ आला होता, फॅशन बदलली, लोक विसरले. आणि मग १९७० च्या दशकात हे संगीत एकदम परत आलं. जोशुआ रिफ्किनने १९७० मध्ये पियानोवर जॉप्लिनची रेकॉर्ड काढली. मग गुंथर शुलर नावाच्या माणसाने बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीच्या विद्यार्थ्यांना घेऊन छोटा ऑर्केस्ट्रा केला आणि १९७३ मध्ये रेकॉर्ड काढली, तिला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी 'द स्टिंग' हा सिनेमा आला, त्यात मार्व्हिन हॅमलिशने जॉप्लिनचंच संगीत वापरलं आणि ऑस्कर नेलं. माणूस जाऊन छपन्न वर्षं झालेली, आणि चाल पुन्हा घरोघरी.

कशामुळे? शुलरच्या हातात पार्ट्स होते म्हणून. जॉन स्टार्क नावाच्या प्रकाशकाने १९१२ च्या सुमारास पंधरा रॅग्जचा एक गठ्ठा छापला होता, लाल कव्हरमुळे वादक त्याला 'रेड बॅक बुक' म्हणत. तो गठ्ठा सापडला, कागद स्टँडवर ठेवले, आणि विशीतल्या पोरांनी वाजवायला सुरुवात केली. नंतर १९८५ मध्ये रिक बेंजामिन ह्या ज्युलियार्डच्या विद्यार्थ्याला आर्थर प्रायर ह्या जुन्या बँडलीडरचा संग्रह सापडला, त्या काळच्या ऑर्केस्ट्राचे हजारो कागद. त्यातून पॅरागॉन रॅगटाइम ऑर्केस्ट्रा उभा राहिला. पुन्हा तेच. आधी कागद, मग माणसं, मग संगीत.

अजून पटत नसेल तर ह्याच जॉप्लिनच्या दोन ऑपेरांची गोष्ट ऐका. पहिला 'अ गेस्ट ऑफ ऑनर', १९०३ चा. दौऱ्यावर गेला, कॉपीराइटसाठी अर्जही गेला, पण नोटेशनची प्रत त्या ऑफिसात कधी पोचलीच नाही. आज त्याचा एक सूर कुणाला माहीत नाही. गेला तो गेलाच. दुसरा 'ट्रीमोनिशा'. हा त्याने १९११ मध्ये पदरचे पैसे घालून छापला. त्याच्या हयातीत तो कधी धड उभा राहिला नाही, बिचारा त्या दुःखातच गेला. पण छापलेलं पुस्तक उरलं. १९७२ मध्ये अटलांटात तो स्टेजवर आला, १९७५ मध्ये ह्यूस्टनला मोठा प्रयोग झाला, आणि १९७६ मध्ये जॉप्लिनला मरणोत्तर पुलित्झरचा खास सन्मान मिळाला. माणूस तोच, प्रतिभा तीच. फरक फक्त कागदाचा.

"हे सगळं अमेरिकेचं झालं, आमच्या वऱ्हाडाचा काय संबंध?"

आहे ना बाप्पा, चांगलाच आहे.

केशवराव भोळे हे नाव ऐकलंय? अमरावतीचा माणूस, जन्म १८९६ चा. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरचं 'आंधळ्यांची शाळा' आलं, त्याचं संगीत ह्यांचं. एका पदावर अर्धा अर्धा तास ताना मारायच्या त्या जमान्यात ह्यांनी मोजकी, छोटी, प्रसंगाला बांधलेली गाणी केली. त्या नाटकात गाणाऱ्या ज्योत्स्नाबाई म्हणजे केशवरावांच्या पत्नी. मग ते प्रभातमध्ये गेले. 'अमृतमंथन' (१९३४), 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७). ह्या 'कुंकू'मध्ये शांता आपट्यांच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता आहे, आणि तिला चाल लावणारा माणूस आमच्या अंबादेवीच्या गावचा! देशी चाल आणि विलायती वाद्यं एकत्र कशी नांदवायची ह्याचा विचार हा माणूस त्या काळात करत होता, आणि 'माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन' असं पुस्तक लिहून तो विचार मागे ठेवून गेला. अमरावतीत राजकमल चौकात उभं राहून दहा जणांना त्यांचं नाव विचारा. एकाला माहीत असेल तर चहा माझ्याकडून. शेजारच्या अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापुरात जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांवर २०२२ मध्ये सिनेमा निघाला, ते योग्यच झालं. पण गायकाचं नाव उरतं आणि बांधणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं पुसलं जातं, ही आपली जुनी खोड आहे.

दुसरं नाव तुम्हाला नक्की माहीत आहे. सी. रामचंद्र. रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, लहानपणी नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले. १९४७ चा 'शहनाई' आणि १९५१ चा 'अलबेला' काढून बघा. त्यात सरळसरळ नाचाचा बँड वाजतो. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ठोक्याला हुलकावणी देणारी चाल, सगळा ऐवज त्याच घराण्यातला. आणि ते नुसतं ऐकून उचललेलं नव्हतं. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा अमेरिकेतला काळा बँडलीडर आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला, आणि हे संगीत मुंबईच्या गोवेकर वादकांनी समोर बसून ऐकलं. त्यातला एक चिक चॉकलेट, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. तो पुढे सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. 'अलबेला'त तो बँडसकट पडद्यावर दिसतो.

आता इथे कागद येतो. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना स्वरलेखन वाचायला शिकवायचे. त्यामुळे मुंबईच्या स्टुडिओत कामाची वाटणी अशी झाली: संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगणार, आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखा अरेंजर ती ऐकून वीस-तीस-पन्नास वादकांसाठी पार्ट्स लिहिणार. ज्या सुरावटींवर आज आपण "अहाहा" करतो, त्यातल्या कितीतरी त्या कागदावर जन्माला आल्या. पडद्यावर नाव आलंच तर 'साहाय्यक' म्हणून. आणि रेकॉर्डिंग संपलं की कागदाचं कामही संपलं. तो कुणाच्या जबाबदारीत नव्हता. जे उरलं ते वादकांच्या घरच्या ट्रंकेत उरलं, बाकीचं तुम्हाला माहीत आहे किलोच्या भावाने कुठे जातं ते. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे रिळं, पोस्टर्स, गाण्यांच्या चोपड्या जपल्या जातात. पण "ह्या गाण्याचा दुसऱ्या ट्रम्पेटचा पार्ट द्या हो" म्हणून कुठेतरी अर्ज करावा, अशी आपल्याला कधी कल्पना तरी सुचली का?

अँथनी गोन्साल्विस हे नाव तुम्हाला १९७७ च्या अमिताभच्या गाण्यामुळे माहीत आहे, अंड्यातून बाहेर येणाऱ्या. खरे गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, प्यारेलालचे गुरू. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्सच्या आवारात शंभरावर वादकांचा ऑर्केस्ट्रा उभा केला, आपल्या रागदारीवर आधारलेलं संगीत स्वतः लिहून. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. आपल्याला काय आठवतं? टोपी, काठी आणि अंडं.

बरं, आता वऱ्हाडात या. मुंबईच्या स्टुडिओतला ऑर्केस्ट्रा संपला, हॉटेलातले बँड संपले. पण ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, साइड ड्रम ही वाद्यं एकत्र घेऊन माणसं अजून रस्त्यावर चालतात. कोण? तुमच्या वरातीतला बँड. हेच वाद्यसंच इंग्रजांच्या पलटणींबरोबर आले, मेरठमध्ये बनायला लागले आणि गावोगावी पसरले. जॉप्लिनच्या काळात अमेरिकेतल्या लहान गावांत जी माणसं जत्रेत, नाचाला आणि मयतीलाही वाजवायची, त्यांचे सख्खे चुलतभाऊ आपल्या अकोल्याच्या टिळक रोडवरून लाल डगला घालून चालताहेत. आणि आपण त्यांना काय समजतो? स्टँडअप मीटिंगमध्ये "आज माझा बँड वाजला" म्हणतो, म्हणजे वाट लागली. वाजंत्रीचं काम आपण पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या पदरात टाकलं, त्यांच्या वाजवण्यावर नाचलो, आणि जेवायला त्यांना शेवटच्या पंगतीत, मांडवाच्या बाहेर बसवलं. आजही सुपारी देताना घासाघीस डेकोरेटरशी होत नाही, ड्रोनवाल्याशी होत नाही, बँडवाल्याशी होते.

मागच्या दिवाळीत अकोल्यात एका बँडमास्तरांकडे बसलो होतो. पत्र्याचं दुकान, भिंतीला टांगलेले युफोनियम, एकाचा बेल चेपलेला. मी जुनं काही लिहिलेलं आहे का म्हणून विचारलं.

"हाय ना बाबू," म्हणाले, आणि कपाटावरून एक वही काढली. वडिलांची वही. देवनागरीत सारेगम, खाली ठोक्यांच्या खुणा, मधेमधे "येथे क्लारनेट एकटा" अशा सूचना. अर्धी पानं उंदरांनी खाल्लेली.

"मास्तर, हे आता कोणी वाजवतं का?"

"कोन वाजवते? पोट्टे मोबाईलवर ऐकतेत अन् उचलतेत. अन् आता त धुमाल पाह्यजे सगळ्यायले, नाही त डीजे. वही कायले ठेवली मीच इचारतो सोताले."

मला तिथे बसल्या बसल्या शुलरचा तो लाल गठ्ठा आठवत होता. इकडचा रेड बॅक बुक अकोल्यात कपाटावर पडलाय, आणि त्याचे वाचक उंदीर!

आता मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार ते. एकेक घेऊ.

"आपलं संगीत मौखिक आहे, कागदावर आणलं की मरतं." हे वाक्य फार भारदस्त वाटतं, पण टिकत नाही. भातखंड्यांनी गावोगावी, उस्तादांच्या मागे लागून बंदिशी गोळा केल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिका' छापल्या. तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. आज किती घराण्यांच्या बंदिशी त्या पुस्तकांमुळे आपल्या हाताशी आहेत! लिहिलेली बंदिश म्हणजे गाणं नव्हे हे त्यांनाही कळत होतं, पण नसलेली बंदिश म्हणजे तर काहीच नाही. आणि आपण ज्याबद्दल बोलतोय ते संगीत मुळात कागदावरच जन्मलं. त्याला मौखिक म्हणणं म्हणजे कोड कधी लिहिलाच नव्हता, प्रोग्रॅम ऋषींना स्फुरला, असं म्हणण्यासारखं आहे.

"हे इंग्रजांचं, परकं." हार्मोनियम कुठली? नाट्यसंगीताचा ऑर्गन कुठला? २०२२ मध्ये दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमधून 'अबाइड विथ मी' ही इंग्रजी धून काढली आणि सी. रामचंद्रांची 'ऐ मेरे वतन के लोगो' घेतली. चांगलं की वाईट ह्यावर बरीच भांडणं झाली. पण एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. ती चाल लष्करी बँडला वाजवता आली, कारण तिथे कुणीतरी बसून ती प्रत्येक वाद्यासाठी लिहिली. परकं-आपलं हा वाद नंतरचा. जिथे लिहिणारा असतो तिथे चाल जगते.

"एआय आहे ना आता." हो, आहे. रेकॉर्डिंगमधून वाद्यं वेगळी काढणारी सॉफ्टवेअर्स मीही वापरतो, लिहून काढायला त्यांची मदतच होते. ते आपलं डीकंपायलर समजा. पण अर्ध्या मिनिटात 'जुन्या स्टाइलचं' गाणं तयार करून देणाऱ्या यंत्राने वादकाच्या घरात चूल पेटत नाही, आणि वरातीत त्याच्यासमोर उभं राहून "मास्तर, तेच अजून एकदा" असं म्हणता येत नाही.

"मग काय, सरकारने महोत्सव भरवावा?" नको रे बाबांनो. महोत्सव म्हणजे फ्लेक्स, सत्कार आणि उरलेल्या वेळात संगीत. रॅगटाइम हे म्युझियमसाठी लिहिलेलं नव्हतं, ते पैसे देऊन नाचणाऱ्यांसाठी होतं. आपल्यालाही तेच करायचंय, आणि त्याची युक्ती त्या जुन्या प्रकाशकांकडेच आहे.

छोट्या गावात पूर्ण ऑर्केस्ट्रा नसतो हे त्यांना माहीत होतं. कुठे पाच वादक, कुठे अकरा. म्हणून पार्ट्स असे छापायचे की महत्त्वाची ओळ एकाच वाद्याकडे अडकून पडणार नाही. क्लॅरिनेटची ओळ व्हायोलिनच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेली असायची. क्लॅरिनेटवाला आला नाही? व्हायोलिनने उचला. आपण ज्याला फॉलबॅक म्हणतो ते ह्यांनी शंभर वर्षांपूर्वी कागदावर केलं होतं!

अमरावती-अकोल्यासाठी नेमकं हेच हवंय. दहा चाली घ्या, भोळ्यांच्या, सी. रामचंद्रांच्या. नऊ वादकांसाठी लिहा: दोन ट्रम्पेट, दोन क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, युफोनियम, हार्मोनियम, दोन ड्रम. पाच जण आले तरी वाजेल असं लिहा. प्रत्येकाला वेगळा कागद लागतो, कारण वाद्यांचे 'सा' वेगळे आहेत. ट्रम्पेटवाल्याने आपला सा वाजवला की हार्मोनियमची काळी पाच ऐकू येते, आल्टो सॅक्सोफोनवाल्याच्या सा ला काळी दोन. ही आकडेमोड सॉफ्टवेअर चुटकीसरशी करतं, आणि म्यूझस्कोअर फुकट आहे. त्याच कागदाची देवनागरी सारेगममधली प्रतही काढा, म्हणजे मास्तरांच्या पोरांना कुणाच्या दारात शिकायला जावं लागणार नाही.

कायद्याचंही बघून घ्या. संगीतकार गेल्यानंतर साठ वर्षं चालीवर हक्क असतो, म्हणजे १९८२ मध्ये गेलेल्या सी. रामचंद्रांच्या चाली २०४२ संपेपर्यंत मोकळ्या नाहीत. अरेंजमेंट करून विकायची, तिकीट लावून वाजवायची, तर परवानगी काढा. पण आपल्या कॉपीराइट कायद्यात एक मजेशीर सूट आहे: लग्नाची वरात आणि लग्नातले समारंभ. तिथे चाल वाजवली तर तो भंग धरत नाहीत. म्हणजे जिथे हे संगीत आज जिवंत आहे, तिथेच कायद्यानेही दार उघडं ठेवलंय.

राहता राहिले पैसे. चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा बँडवाले मिळेल ते काम करतात. तोच तालमीचा काळ. समजा नऊ वादक, दहा तालमी, प्रत्येकाला तालमीचे पाचशे. झाले पंचेचाळीस हजार. चार मित्रांत वाटले तर एकेकाला अकरा-साडेअकरा हजार. ह्याहून जास्त पैसे प्री-वेडिंग शूटमध्ये तळ्याकाठी धूर सोडायला घालवणारे लोक मी ओळखतो, तुम्हीही ओळखता. तालमीचे पैसे द्यायचे, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वाजवण्याचे पैसे सगळेच देतात, तालीम मात्र फुकट धरतात, आणि मग बँड बेसूर वाजतो म्हणून हसतात.

आमच्या चौघांचं काम सुरू झालंय. त्या वहीची शाबूत पानं स्कॅन करून झाली, तीन चाली लिहून झाल्या, त्यातली एक मास्तरांनी "हे त जमते" म्हणून पास केली आहे. बाकी दोन परत आल्यात, ट्रम्पेटवाल्याला श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती म्हणे.

तुम्हाला वऱ्हाडात यायची गरज नाही. पुढच्या मोसमात घरात लग्न निघालं आणि बँडची सुपारी द्यायची वेळ आली की भाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: "मास्तर, तुमच्याकडे लिहिलेलं काय काय आहे?" वही निघाली तर प्रत्येक पानाचा नीट फोटो काढा, एक प्रत त्यांना छापून द्या, आणि त्यातली एक चाल तुमच्या वरातीत वाजवायला सांगा. तिच्या तालमीचे पैसे वेगळे द्या.